मजली सर्पपेट्यांतली ऊब: नाशिकमध्ये नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करते. घरी एकावर एक अशा तीन पेट्यांचं एक कपाट आहे. त्यात दोन बॉल पायथन आणि एक कॉर्न स्नेक राहतात, दोन्ही परदेशी, बिनविषारी जाती. ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून लोक पेटीच्या उष्णतेबद्दल विचारत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

तिन्ही मजल्यांवर सारखं तापमान कसं ठेवायचं?

सगळ्यात जास्त वेळा येतो तो हा प्रश्न, आणि माझ्या मते तो थोडा चुकीचा विचारला जातो. पेटीत सगळीकडे सारखं तापमान असावं ही आपली, माणसांची अपेक्षा आहे. आपलं शरीर स्वतः ऊब तयार करतं, सापाचं करत नाही. पोट भरल्यावर तो गरम जागी जातो, पचन झालं की गार जागी सरकतो, कात टाकायच्या आधी आणखी कुठेतरी मुक्काम हलवतो. सगळी पेटी ३० अंशांवर स्थिर ठेवलीत, तर निवडीचा तो एकच मार्ग तुम्ही त्याच्यापासून काढून घेता.

म्हणून प्रत्येक मजल्यावर सारखा हवा तो तापमानाचा उतार. एक टोक गरम, एक टोक गार, आणि मधे हळूहळू कमी होत जाणारी ऊब. साप एकाच जातीचे असतील आणि वरच्या पेटीत हा उतार ३२ ते २६ असेल तर खालच्या पेटीतही तोच मिळायला हवा, वर ३६ ते ३१ आणि खाली २७ ते २२ असं होता कामा नये. पुढचे बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीभोवती फिरतात.

नेमके किती अंश?

बॉल पायथनला गरम टोकाला ३१ ते ३३, गार टोकाला २५ ते २७. रात्री थोडं उतरलं तर चालतं, पण २४ च्या खाली नको. कॉर्न स्नेकला गरम टोक २८ ते ३० आणि गार टोक २२ ते २४ पुरतं. कार्पेट पायथन हा चढणारा साप, त्याला वर ऊन खायची जागा ३१ ते ३३ आणि तळाला २४ ते २६. हे आकडे साप जिथे बसतो त्या जागेचे आहेत, पेटीच्या छताला चिकटवलेल्या गोल काटेवाल्या मीटरचे नाहीत.

वरचा मजला तापतो आणि खालचा गारच राहतो. हीटर तर तिन्हीकडे सारखेच आहेत!

हीटर सारखे आहेत म्हणूनच असं होतं. ऊब किती घातली यापेक्षा किती बाहेर गेली हे महत्त्वाचं, आणि प्रत्येक मजला वेगवेगळी ऊब गमावतो.

एक हिशोब करून पाहू. १२० सेंमी लांब, ६० सेंमी खोल, ४५ सेंमी उंच अशी १२ मिमी प्लायची, पुढे ५ मिमी काच असलेली पेटी घ्या. खोलीत १४ अंश आहेत आणि पेटीची सरासरी २६ ठेवायची आहे, म्हणजे फरक १२ अंशांचा. १२ मिमी प्लायच्या एका चौरस मीटरमधून, दर अंश फरकाला, साधारण पावणेचार वॅट ऊब बाहेर जाते. काचेतून जवळपास दीडपट. वरच्या पेटीचं छत, तीन बाजू आणि पुढची काच खोलीच्या हवेला लागतात, तळ मात्र मधल्या पेटीवर असतो. तिला सुमारे १२० वॅट लागतात. खालच्या पेटीचंही तसंच, फक्त तिथे छत झाकलेलं आणि तळ उघडा. मधलीला वर आणि खाली दोन्हीकडे शेजारी आहेत, तिचं काम ८५ वॅटमध्ये भागतं. म्हणजे तिन्ही पेट्यांना एकसारखी वीज दिली, तर मधली आपोआप जास्त तापणार.

यात खोलीचीही भर पडते. गरम हवा वर जाते. बंद खोलीत छताजवळ आणि फरशीजवळ सहज दोन-तीन अंशांचा फरक असतो, आणि डिसेंबरात बाल्कनीच्या दाराच्या फटीतून येणारा गार झोत नेमका खालच्या पेटीला लागतो. म्हणून तळाची पेटी थेट फरशीवर टेकवू नका. चार इंची पाय लावा आणि तळाखाली थर्माकोलचा इंचभर जाड पत्रा बसवा. मी हे केलं तेव्हा माझ्या खालच्या पेटीचा हीटर रात्रभर चालू राहायचा थांबला आणि अधूनमधून बंद होऊ लागला.

एकाच थर्मोस्टॅटवर तिन्ही मजले जोडले तर?

नको. थर्मोस्टॅट म्हणजे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारं यंत्र. त्याचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, एकच असतो, तो एकाच पेटीत असतो, आणि उरलेल्या दोन पेट्यांत काय चाललंय हे त्याला कळायचा मार्ग नसतो. प्रोब खाली लावला तर खालची पेटी गरम होईपर्यंत वरच्यांमध्ये वीज जातच राहते आणि वरचा साप भाजून निघतो. वर लावला तर खालचा गारठतो. हजार-बाराशे रुपये वाचवायला ही जागा नाही. दर मजल्याला एक हीटर, एक थर्मोस्टॅट आणि एक प्रोब.

एका मोठ्या रॅकमध्ये एकाच मापाचे वीस-पंचवीस डबे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे आधी अख्खी खोली २५-२६ वर आणतात आणि मग प्रत्येक ओळीला मागच्या बाजूनं हीट केबल देतात. खोलीच गरम असल्यामुळे वरखालचा फरक लहान होतो. तरीही वरच्या तीन ओळी आणि खालच्या तीन ओळी मी स्वतंत्र थर्मोस्टॅटवरच ठेवीन.

थर्मोस्टॅट कोणता घ्यावा?

हीट मॅटसाठी, म्हणजे तळाला अंथरायच्या तापणाऱ्या चटईसाठी, साधा चालू-बंद करणारा चालतो, कारण मॅट सावकाश तापते आणि सावकाश निवते. बाजारात सहज मिळणारा एसटीसी-१००० बहुतेकांकडे असतो. त्यात फरकाची सेटिंग, म्हणजे तापमान किती अंश उतरल्यावर हीटर पुन्हा चालू करायचा ते, ०.३ अंशापासून ठेवता येते. अगदी कमी ठेवली तर रिले, म्हणजे आतला वीज जोडणारा-तोडणारा स्विच, सतत टकटक करत झिजते. अर्धा ते एक अंश ठेवा. सिरॅमिक हीटरला (उजेड न देता फक्त तापणारा) तुकड्या-तुकड्यांत वीज देणारा प्रपोर्शनल थर्मोस्टॅट चांगला, आणि बल्बला डिमर प्रकारचा.

आता एक गोष्ट जीव तोडून सांगते. रिले बिघडते तेव्हा पुष्कळदा ती बंद पडत नाही, चालू अवस्थेतच चिकटून बसते. तिचे संपर्क वितळून जोडले जातात. माझ्याकडे हे झालं आहे. पहाटे उठून पाहिलं तर मधल्या पेटीचं गरम टोक ४१ दाखवत होतं आणि थर्मोस्टॅटवर मात्र ‘बंद’ची खूण होती. पायथन गार टोकाला, पाण्याच्या भांड्यामागे कोपऱ्यात दाबून बसला होता. गार टोक होतं म्हणून तो वाचला. मी रोज पॅनेल जोडते, यंत्राला दुहेरी सुरक्षा नसेल तर आम्ही ते कारखान्याबाहेर जाऊ देत नाही, आणि घरी जिवंत प्राण्याला मी एका रिलेच्या भरवशावर ठेवलं होतं. ते आजही मला सलतं.

त्या दिवसापासून दर पेटीला दोन थर्मोस्टॅट एकापुढे एक जोडलेले आहेत. पायथनच्या पेट्यांत पहिला ३२ वर काम करतो. दुसऱ्याचा स्वतंत्र प्रोब असतो आणि तो ३५ वर वीज तोडतो. एरवी तो काहीच करत नाही, आणि त्यानं तसंच राहावं. शिवाय जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा एमसीबी आणि गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. पेटीत पाणी असतं.

प्रोब कुठे बसवायचा?

मॅटसाठी साप जिथे अंग टेकवतो तिथे, म्हणजे मॅटवरच्या टाइलच्या पृष्ठभागावर. वरून येणाऱ्या उष्णतेसाठी हीटरच्या थेट खाली, सापाच्या पाठीच्या उंचीवर. प्रोब घट्ट बांधा. साप तो सहज ओढून गार टोकाला नेतो, मग थर्मोस्टॅटला वाटतं पेटी थंड आहे आणि तो हीटर बंद करतच नाही. लघवीनं भिजलेला प्रोबही खोटं बोलतो.

बांधायला पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही वापरू नका. ती सुटून सापाच्या अंगाला चिकटते आणि काढताना खवले सोलून निघतात. वायरचा क्लिप आणि स्क्रू, किंवा सुकून पक्का झालेला हॉट ग्लू. बस्स.

मॅट, सिरॅमिक, पॅनेल की बल्ब?

मजली पेटीत उंची कमी असते, तीच निवड ठरवते. प्लायच्या पेटीखाली बाहेरून मॅट लावून काही उपयोग नाही, कारण लाकूड उष्णतेला अडवतं आणि मॅट स्वतःच तापत बसते. मॅट आत ठेवा, तिच्यावर पातळ टाइल पक्की बसवा. घरबांधणीतून उरलेला तुकडा चालतो. सापाचं अंग थेट मॅटवर येऊ देऊ नका. पोटाला चटका बसतोय हे साप वेळेवर ओळखत नाही, भाजत असताना तिथेच पडून राहतो. तापणारे नकली दगड विकत मिळतात, ते याच कारणानं मला अजिबात मान्य नाहीत.

मॅटनं हवा फारशी तापत नाही. थंडीत त्याच्या जोडीला वरून ऊब लागते. छताला सपाट चिकटणारं रेडियंट पॅनेल ४५ सेंमी उंचीच्या पेटीत सगळ्यात सोयीचं. सिरॅमिक हीटर कुक्कुटपालनाच्या सामानात मिळतो आणि स्वस्त असतो, पण त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो. त्याला चिनी मातीचं होल्डर आणि चारी बाजूंनी जाळी लागतेच. लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ बल्ब नकोत. सापाला रात्री अंधार हवा असतो.

दोन मजल्यांच्या मधे काय घालावं?

मधे काही घातलं नाही तर वरच्या पेटीचा तळ खालच्या पेटीचं छत तापवतो आणि खालच्या पेटीचं छत वरच्याचा तळ. दोन्ही थर्मोस्टॅट एकमेकांच्या कामात लुडबुड करतात. मधे इंचभर थर्माकोल किंवा एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलसारखाच पण जास्त घट्ट फोमचा पत्रा घाला. पण मॅटच्या किंवा पॅनेलच्या पाठीला थर्माकोल सरळ चिकटवू नका, तो उष्णतेनं आकसतो. आधी ६ मिमी सिमेंट बोर्ड, मग बोटभर हवेची फट, मग थर्माकोल. सुताराला हे आधीच सांगा. कपाट तयार झाल्यावर मधला थर घालायचा म्हणजे सगळं पुन्हा खोलणं आलं.

माझी एकच उंच पेटी आहे, आत फळ्या लावून तीन मजले केलेत. तिथे काय?

इथे उतार आडवा न राहता उभा होतो. वर ३२, मधे २८, खाली २५. चढणाऱ्या सापांना हे फार आवडतं. हीटर वरच्या एका कोपऱ्यात ठेवा, छताच्या मधोमध नको, म्हणजे वरच्या फळीलाही एक गार बाजू मिळते. फळ्या अख्ख्या रुंदीच्या करू नका. खालून वर हवा जायला हाताच्या रुंदीची मोकळी जागा राहू द्या, नाहीतर एका पेटीत तीन कोंदट पेट्या तयार होतात.

आणि प्रत्येक फळीवर लपायला जागा द्या. लोक खाली एक छानसं खोपटं ठेवतात आणि वरची ऊबदार फळी उघडी सोडतात. सापापुढे सुरक्षितता आणि ऊब यातली एकच निवड ठेवली तर तो सुरक्षितता निवडतो. मग खाली गारठ्यात लपून राहतो, गिळलेला उंदीर चार दिवसांनी ओकून टाकतो, आणि मालक हीटर बदलत बसतो. ओझरच्या एका मुलाची पेटी मी पाहिली, तापमान सगळीकडे अचूक होतं. वरच्या फळीवर बुचाच्या सालीचा एक तुकडा उपडा ठेवला, बाकी कशालाही हात लावला नाही. दुसऱ्या रात्रीपासून त्याचा साप वर झोपायला लागला.

आत छोटा पंखा लावून हवा ढवळली तर तापमान सारखं होईल ना?

होईल, आणि उतार संपेल. शिवाय हवा कोरडी पडेल. नको.

कोणता साप कोणत्या मजल्यावर?

ज्याला कमी ऊब लागते तो खाली. माझा कॉर्न स्नेक तळाला आहे, पायथन वरच्या दोन मजल्यांवर. याचा फायदा हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त कळतो.

नाशिकच्या थंडीत वेगळं काय करावं लागतं?

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला आकडा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे आपल्या पेट्यांची परीक्षा असते. शहरातल्या मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खोली १८-१९ वर टिकते. निफाड-पिंपळगावकडच्या सुट्या घरात ती १४ वर येते, आणि वरच्या हिशोबातले आकडे त्यासाठीच आहेत.

लोक घाबरून थर्मोस्टॅटचा आकडा वाढवतात. आकडा तोच ठेवा. हीटर सतत चालू राहूनही ३२ गाठत नसेल तर ३५ कुठून गाठणार? कमतरता हीटरच्या ताकदीत किंवा पेटीच्या आच्छादनात आहे. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीला लावा. मागच्या बाजूला थर्माकोल लावा. रात्री काचेवर जाड गोधडी सोडा, फक्त हवेची भोकं झाकू नका.

तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा आवाज, तोंडाच्या कडेला बुडबुडे यातलं काही दिसलं तर तो छातीचा संसर्ग असू शकतो. हीटरशी खेळत बसू नका, परदेशी प्राणी पाहणारे पशुवैद्य गाठा.

एप्रिल-मेमध्ये हीटर बंद करून टाकू का?

थर्मोस्टॅट ते काम स्वतःच करेल. पण तो फक्त हीटर बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही. बाहेर ३९-४० आणि वर तापलेला स्लॅब असलेल्या शेवटच्या मजल्यावरच्या घरात खोलीच ३५ वर जाते. तिथे वरच्या पेटीला गार टोक उरतच नाही, आणि हे थंडीपेक्षा धोक्याचं आहे. गारठलेल्या सापाला सावरायला वेळ मिळतो, तापलेल्याला मिळत नाही.

दुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि पहाटे सगळं उघडं. एसी असेल तर २६-२७ वर. वाळ्याचा किंवा साधा कूलर चालतो, पण पेटीवर थेट झोत नको आणि आतल्या ओलाव्यावर लक्ष हवं. दुपारी वरच्या पेटीचं गार टोक ३३ च्या वर जायला लागलं, तर तो साप तेवढ्यापुरता हवेच्या भोकांच्या, झाकण पक्कं बसणाऱ्या डब्यात घालून घरातल्या सगळ्यात गार खोलीत फरशीवर ठेवा. मी दर मे महिन्यात तीन-चार दिवस हे करते.

रात्री वीज गेली तर?

इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, हाती येतात साधारण ११५०. कडाक्याच्या थंडीत तिन्ही पेट्या मिळून ३२५ वॅट घेत असतील तर साडेतीन तास. तेवढ्यात बहुतेक वेळा वीज येते. नाही आली तर गरम पाण्याच्या बाटल्या जाड कापडात गुंडाळून गरम टोकाला ठेवा आणि कपाटावर गोधडी घाला. निरोगी साप एक रात्र २० अंशांवर काढू शकतो. त्या दिवशी नुकतंच खाणं दिलं असेल तर मात्र बाटल्यांचा पहिला मान त्याच्या पेटीला.

माझे दोन मीटर दोन आकडे दाखवतात. खरा कोणता?

बर्फाचा चुरा करून ग्लास गच्च भरा, त्यात थोडंसं पाणी घाला, ढवळा आणि दोन्ही प्रोब पाच मिनिटं मधोमध धरा. शून्याच्या जवळ जो येतो तो बरा, आणि जितका चुकतो तितकं कागदावर लिहून थर्मोस्टॅटवर चिकटवा. उकळत्या पाण्यानं तपासत असाल तर लक्षात ठेवा, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० ला उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं. चांगल्या मीटरला त्यापायी दोष देऊ नका.

इन्फ्रारेड गन पृष्ठभागासाठी उत्तम, पण चकचकीत धातूवर ती फसते. तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर रोखा, आणि माप घेतल्यावर तो काढून टाका.

ओलावा?

बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के, कॉर्न स्नेकला ४० ते ६०. हिवाळ्यात हीटर हवा कोरडी करतो, वरच्या पेटीत सगळ्यात जास्त. पाण्याचं भांडं मोठं ठेवा आणि गार टोकाला ओल्या शेवाळाचा एक डबा द्या. पावसाळ्यात उलट, भांडं लहान करा आणि बुरशीकडे पाहा.

नाग किंवा धामण पाळायची असेल तर पेटी अशीच चालेल का?

नाही, कारण ते पाळताच येत नाहीत. नाग, घोणस, धामण, दिवड, अजगर, आपल्याकडचा कोणताही साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं गुन्हा आहे. घरात साप निघाला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, पिल्लं झाली किंवा साप मेला तरी कळवावं लागतं. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी खरेदीचे कागद जपून ठेवा.

नवं कपाट तयार झालंय. साप कधी ठेवू?

आठवडाभर रिकामं चालवा. दर मजल्याला चार जागा मोजा: गरम टोक, गार टोक, आणि दोन्ही टोकांच्या लपायच्या जागांच्या आत. वेळा तीन: पहाटे पाच, दुपारी तीन, रात्री दहा. पहाटे पाचचा आकडा कंटाळा न करता घ्या, सगळ्या चुका त्यातच दिसतात. सात दिवस प्रत्येक मजल्याचा उतार त्या सापासाठी ठरवलेल्या आकड्यांच्या एका अंशाच्या आत राहिला की साप आत सोडा, आणि पहिलं खाणं आणखी पाच-सहा दिवसांनी द्या. हीच मोजणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि होळीच्या सुमारास पुन्हा करा.